कंपल्सरी इंग्लिशचा वर्ग मोबाइलवर नेताना

९ मार्च २०२० रोजी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण सापडले आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. मधल्या दिवसांत सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या कॉटबेसिसच्या खोल्या भराभर रिकाम्या झाल्या. कॉलेज बंद, मेस बंद, मग राहून करायचं काय? मिळेल त्या एसटीने पोरं बीड, लातूर, सोलापूर, नगरकडे निघून गेली. पुस्तकं खोलीवरच राहिली. महिना संपला की परत यायचंच आहे, असं सगळ्यांनीच धरलं होतं. पुढे कॉलेजं सुरू झाली ती मोबाइलच्या पडद्यावर. फेब्रुवारी २०२१ मध्ये काही दिवस अर्ध्या हजेरीने वर्ग उघडले, लगेच बंद झाले, आणि खऱ्या अर्थाने दारं उघडायला ऑक्टोबर २०२१ उजाडला.

या दीड वर्षात सगळ्याच विषयांचे हाल झाले, पण सारखे नाही. इतिहासाचं लेक्चर मोबाइलवर नेलं तर त्यातलं बरंचसं शाबूत राहतं. सर बोलतात, मुलं ऐकतात, राहिलेलं पीडीएफमध्ये वाचतात. एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, कंपल्सरी इंग्लिशचा हेतूच निराळा असतो. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी वर्षाच्या शेवटी थोडं इंग्रजी बोलावं, ऐकून समजावं, स्वतःचं चार ओळींचं लिहावं, ही त्यामागची अपेक्षा. हे सांगून येत नाही, करून येतं. आणि करायला समोर दुसरं माणूस लागतं.

अर्थात हेही मान्य करायला हवं की कित्येक वर्गांत करोनाच्या आधीही इंग्रजी शिकवलं जातच नव्हतं, इंग्रजी धड्याचा मराठीत सारांश सांगितला जात होता. तो सारांश ऑनलाइन अगदी उत्तम चालला. त्या वर्गांबद्दल इथे काही सांगण्यासारखं नाही.

गडबडीतलं ऑनलाइन आणि ठरवून केलेलं

आधी एक गोंधळ दूर करू. लॉकडाउनमध्ये जे झालं त्याला आपण सरसकट ‘ऑनलाइन शिक्षण’ म्हणतो. पण लांबून शिकवणं ही काही २०२० मधली नवलाई नाही. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच करतंय. तिथली पुस्तकं मुळातच शिक्षक शेजारी नसेल हे गृहीत धरून लिहिलेली असतात. प्रत्येक घटकाची उद्दिष्टं सुरुवातीला, मध्येमध्ये स्वतःच तपासायचे प्रश्न, शेवटी उत्तरं.

मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहून हा फरक स्पष्ट मांडला. आपत्तीत वर्ग उचलून इंटरनेटवर ठेवणं वेगळं आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बांधणं वेगळं, असं त्यांचं म्हणणं. चांगला ऑनलाइन अभ्यासक्रम उभा करायला एरवी सहा ते नऊ महिने लागतात, असंही त्यांनी नोंदवलं. पुण्यातल्या प्राध्यापकांना मिळाले होते काही दिवस, तेही घरातल्या डायनिंग टेबलावर, शेजारच्या खोलीत स्वतःच्या मुलांची ऑनलाइन शाळा चालू असताना. त्यामुळे ‘ऑनलाइन इंग्रजी शिकवून बघितलं, जमत नाही’ हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जे बघितलं ते वर्गाचं थेट प्रक्षेपण होतं.

प्रक्षेपण का फसलं, याची कारणं मुलांच्या आळसात कमी आणि आवाजाच्या, नेटवर्कच्या यंत्रणेत जास्त सापडतात.

एक पंचमांश सेकंदाची भानगड

दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो? २००९ साली जगातल्या दहा भाषांमध्ये हे मोजलं गेलं. भाषा एकमेकींपासून अगदी लांबच्या, पण उत्तर जवळपास सारखं: साधारण २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. (त्या दहांत मराठी नव्हती. पुण्यात मोजलं असतं तर आकडा उणे आला असता असा माझा संशय आहे.)

यातली गंमत अशी की ओळखीचा एक शब्द मनात शोधून ओठांवर आणायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि आपलं उत्तर तयार ठेवतो. त्याचा आवाज उतरतो, तो श्वास घेतो, आपल्याकडे बघतो. या खुणांवर आपण वाक्यात शिरतो.

व्हिडिओ कॉलवर नेमक्या या खुणा मरतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सुरळीत चालतं. गावाबाहेरच्या टॉवरवरून, गच्चीत नाहीतर शेतात उभं राहून पकडलेल्या रेंजवर हा आकडा सहज ओलांडला जातो. शिवाय तुकड्यातुकड्यांनी आलेला आवाज सलग ऐकू यावा म्हणून ॲप तो थोडा अडवून ठेवतं, त्याचा उशीर वेगळा. मग दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, ‘नाही, तू बोल’ होतं आणि पुन्हा शांतता.

आपल्या भाषेत हे चालवून घेता येतं. परक्या भाषेत वाक्य जुळवायला आधीच जास्त वेळ लागतो. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तो वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. आता हिशोब मांडा. सरांचा प्रश्न मुलीपर्यंत पोचायला वेळ, तिने म्यूट काढायला वेळ, वाक्य जुळवायला वेळ, ते परत यायला वेळ. तोवर सर म्हणून मोकळे होतात, ‘नो आन्सर? ओके, नेक्स्ट.’

२०१४ सालच्या एका जर्मन अभ्यासात आणखी एक बोचरी गोष्ट दिसली. कॉलवर आवाज मुद्दाम उशिरा पोचवला, तर माणसं दोष लाइनला देत नाहीत, समोरच्याला देतात. याचं लक्ष नाही, असं वाटायला लागतं. लॉकडाउनमध्ये ‘पोरं वर्गात असून नसल्यासारखी’ ही तक्रार आपण जितक्यांदा ऐकली, त्यातला काही भाग तरी टॉवरच्या खात्यावर टाकायला हवा.

‘एफ’ की ‘एस’?

फोनवर आडनावाचं स्पेलिंग सांगताना ‘एस फॉर सोलापूर’ असं का म्हणावं लागतं? कारण जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज जातो, आणि ‘स’ची सगळी धार ४००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली की ‘सेल’ आणि ‘फेल’ कानाला सारखेच. मीटिंगची ॲपं यापेक्षा बराच रुंद पट्टा पाठवू शकतात, पण नेट अशक्त झालं की तीही आवाज आवळतात. वर पंख्याचा, कुकरचा आवाज गाळणारी सोय असते. तिला ‘स’, ‘फ’सारखे नुसत्या हवेचे आवाजही कधीकधी गोंगाटच वाटतात.

म्हणून उच्चार थेट तासात शिकवू नयेत, हे माझं ठाम मत. त्यापेक्षा शिक्षकाने मोबाइल तोंडाजवळ धरून पाऊण मिनिटाचा व्हिडिओ करावा. ‘व्हेट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वेट’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. मराठीत दोन्हींना एकच ‘व’ पुरत असल्याने हा फरक कानापेक्षा डोळ्यांना आधी पटतो. फाइल उशिरा पोचली तरी अख्खी पोचते, आणि पोरगं ती दहा वेळा बघू शकतं. २०२१ मध्ये वर्ग उघडले तेव्हा सगळे मास्क लावून बसले होते. मास्क ओठ झाकतो आणि नेमके वरच्या पट्टीतले आवाज दाबतो. त्या काळात हा पाऊण मिनिटाचा व्हिडिओ प्रत्यक्ष वर्गापेक्षा सरस होता, असं म्हणायला हरकत नाही.

दीड जीबीत काय बसतं

२०२० मध्ये बऱ्याच मुलांकडे दिवसाला दीड जीबीचा पॅक होता. व्हिडिओसाठी सेकंदाला एक मेगाबिट धरलं तर तासाला ४५० एमबी जातात. दिवसाचे चार तास झाले की १.८ जीबी. म्हणजे चौथं लेक्चर अर्धवट सुटणार हे सकाळीच ठरलेलं, आणि घरात धाकटी बहीण त्याच फोनवर शाळा करत असेल तर दुसऱ्यालाच. नुसता आवाज पाठवला तर? सेकंदाला ३२ किलोबिट पुरतात. तासाला १४.४ एमबी. दहा मिनिटांच्या ऑडिओची फाइल अडीच एमबीच्याही आत.

दुसरी अडचण वेळेची. बऱ्याच घरांत स्मार्टफोन एकच, तोही वडिलांचा, आणि ते कामावरून येतात संध्याकाळी. सकाळी दहाचा तास अशा मुलाला मिळतच नाही. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत नळाला पाणी ठरावीक वेळी येतं, तेव्हा भरून ठेवायचं आणि दिवसभर वापरायचं. ऑडिओ फाइल आणि पीडीएफचं तसंच आहे. रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्यायचं. थेट तासाला मात्र नळाची धार त्याच क्षणी चालू असावी लागते.

त्यात फुकट खात्यांच्या मर्यादा. झूमवर ४० मिनिटं आणि १०० माणसं. एका तुकडीत १२० मुलं असली तर उरलेली वीस-एकवीस कुठे बसणार? आणि कॅमेरा चालू ठेवायची सक्ती म्हणजे डेटाही घ्यायचा आणि एका खोलीचं घरही वर्गाला दाखवायला लावायचं. ती करू नये. यावर आणखी चर्चेची गरज आहे असं मला वाटत नाही.

मग वर्ग फोडायचा

इथवर आलो की उत्तर बरंचसं दिसू लागतं. एका तासात आपण चार निरनिराळी कामं कोंबतो: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. पहिल्या तिघांना सगळे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. ती फाइलींवर सोपवायची. बोलण्याला दुसरं माणूस लागतं, पण एकशेवीस माणसं लागत नाहीत. एकच लागतं.

आणि एका माणसाशी बोलायला साधा फोन आहे की. लॉकडाउनमध्ये मोठमोठ्या ॲपच्या नादात हे आपल्या लक्षातून निसटलं. पॅकमध्ये कॉल बहुधा अमर्याद असतात, डेटा खर्च होत नाही, कीपॅडचा फोनही चालतो. शिवाय नेटवर्क साध्या कॉलला पहिल्या मानाची वाट देतं, त्यामुळे उशीर कमी आणि एकसारखा. ‘सेल’ की ‘फेल’ कळलं नाही तर संदर्भाने कळतं, नाहीच कळलं तर ‘सॉरी?’ म्हणून विचारावं लागतं. ते विचारणं हाच तर सराव.

पण ‘एकमेकांना फोन करून इंग्रजीत बोला’ एवढं सांगून भागत नाही. दोन मराठी मुलं एकमेकांशी इंग्रजीत काय म्हणून बोलतील? ‘हाउ आर यू, आय ॲम फाइन’ झालं की गाडी मराठीवर येणारच, आणि त्यात काही वावगंही नाही. बोलायला कारण द्यावं लागतं. भाषा शिकवणाऱ्यांचा यावरचा जुना उपाय म्हणजे माहिती दोघांत वाटून देणं. समजा, स्वारगेटहून सुटणाऱ्या दहा गाड्यांचं एक काल्पनिक वेळापत्रक केलं. एकाच्या कागदावर गाड्यांच्या वेळा आहेत, भाडं नाही. दुसऱ्याच्या कागदावर भाडं आहे, वेळा नाहीत. आठशे रुपयांत दोघांनी साताऱ्याला जाऊन संध्याकाळपर्यंत परत यायचं आहे. कुठली गाडी धरायची ते फोनवर ठरवा. आता एकमेकांना विचारल्याशिवाय कामच होत नाही. प्रश्न विचारले जातात, आकडे दोनदा उच्चारले जातात, गाडी चुकते, पुन्हा हिशोब होतो.

कॉल संपला की प्रत्येकाने एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवायची: जोडीदार काय म्हणाला ते. ही युक्ती दिसते त्यापेक्षा धूर्त आहे. स्वतःबद्दल बोलताना ‘आय वॉन्ट’ पुरतं; दुसऱ्याबद्दल सांगताना ‘ही वॉन्ट्स’, ‘शी सेड’ करावं लागतं, आणि मराठी मुलांचा ‘वॉन्ट्स’मधला तो शेवटचा ‘स’ हमखास गळतो. व्याकरणाचा तास न घेता व्याकरणाचा घाट चढवून होतो.

जोड्या लावताना एक भान ठेवावं लागतं. मुलीचा नंबर अनोळखी मुलाकडे जाणं अनेक घरांना चालत नाही, आणि मुलींनाही नको असतं. २०२० च्या एफवायची तर आणखी कथा. त्या मुलांनी कॉलेजच पाहिलं नव्हतं, एकमेकांची तोंडंही नाही. जोडीदार निवडायची मोकळीक द्यावी आणि एकदा जमलेली जोडी उगाच मोडू नये.

मग आठवड्याचे थेट तास कशाला? थोडेच ठेवावेत. पंधरा-वीस जणांचा गट, अर्धा तास, व्हॉइस नोटांमधून निघालेल्या शंका. इथे चॅटचा उपयोग करून घ्यावा. वर्गात तोंड न उघडणारी मुलं ऑनलाइन तासात टाइप करताना मोकळी झाली, असं सांगणारे प्राध्यापक तुम्हाला कुठल्याही स्टाफरूममध्ये भेटतील. स्टीफन क्रॅशन या भाषातज्ज्ञाने भीतीचा पडदा असा विचार मांडला होता: मनावर ताण असला की कानावर पडलेली भाषा आत उतरत नाही. टाइप करताना वाक्य पाठवण्याआधी पुसता येतं, कोणी हसत नाही. आधी टाइप करायचं, मग तेच वाचायचं, मग न बघता बोलायचं. काही जणांना या तीन पायऱ्यांना अख्खं सहामाही सत्र लागतं. लागू द्यावं.

वह्यांचे फोटो

लेखनाबद्दल थोडक्यात. ‘ऑनलाइन शिक्षणाचे फायदे-तोटे’ असा निबंध दिला की एकशेवीस फोटो येतात आणि त्यात दहा-बाराच निबंध निघतात, बाकी त्यांच्या नकला. त्याला मुलांची नियत कारण नाही, विषय कारण आहे. ज्याचं उत्तर गाईडमध्ये आहे ते गाईडमधूनच येणार. त्यापेक्षा विचारावं की या आठवड्यात तुमच्याकडे कांद्याला काय भाव मिळाला, वडिलांना विचारून सहा वाक्यांत लिहा. आजी लहान असताना गावात साथ आली होती का, तिला मराठीत विचारा आणि इंग्रजीत लिहा. याची नक्कल करायची तर मुळात दुसऱ्याची आजी लागते.

तपासणीचं गणित मात्र निर्दय आहे. मोबाइलच्या पडद्यावर एका फोटोला तीन मिनिटं धरली तरी १२० फोटोंचे सहा तास, आणि डोळ्यांचं मातेरं. म्हणून आठवड्याला पंधराच वह्या नीट तपासाव्यात, त्यातल्या सामाईक चुकांवर सगळ्यांसाठी चार मिनिटांची ऑडिओ नोट करावी. आठ आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. आणि एका वेळी एकाच जातीची चूक धरावी, या आठवड्यात ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं, पुढच्या आठवड्यात भूतकाळ. लाल रेघांनी भरलेला फोटो परत आला की मुलगा तो उघडून बघतो, पण वाचत नाही.

‘सर, हे परीक्षेला आहे का?’

विद्यार्थ्यांचा हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाहीत यावर २०२० चा उन्हाळा आणि पावसाळा गेला. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने त्या सप्टेंबरअखेर घ्यायला सांगितल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, २८ ऑगस्टला निकाल लागला, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची परीक्षा ऑक्टोबरमध्ये झाली ती बहुपर्यायी प्रश्नांची. त्या परिस्थितीत लाखो मुलांची परीक्षा दुसऱ्या कुठल्या पद्धतीने झाली असती असं मला वाटत नाही. पण चार पर्यायांतून बरोबर वाक्य ओळखणं आणि ते वाक्य स्वतः करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. वर्षभर व्हॉइस नोटा पाठवणाऱ्या मुलीला आणि वर्षभर म्यूटवर असणाऱ्या मुलाला तिथे सारखेच गुण मिळू शकतात. मग व्हॉइस नोट कशासाठी पाठवायची?

जे कॉलेजच्या हातात असतं, ते अंतर्गत गुण. तिथे पाच मिनिटांची तोंडी परीक्षा साध्या फोनवर घेता येते. १२० मुलांची ६०० मिनिटं, म्हणजे दहा तास; रोज दोन तास बसलं तर पाच दिवसांत संपतं. एकशेवीस उत्तरपत्रिका तपासायला याहून कमी वेळ लागत नाही. वेळ मुलाने सांगावी, वडील घरी आल्यानंतरची असली तरी. पहिले दोन प्रश्न आठवडाभर आधी सांगून टाकावेत, पाठ करून आला तरी बिघडत नाही. तिसरा प्रश्न मात्र त्याच्या दुसऱ्या उत्तरातूनच काढायचा, आणि तो विचारून झाला की मनातल्या मनात तीनपर्यंत मोजायचं.